वापरात असलेली गादी

मी गादी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, मी तुमच्या खालीच असते. सगळं जग माझ्यावर अंग टाकतं आणि सकाळी पाठ धरली की खापरही माझ्याच डोक्यावर फोडतं. गादीला कुठलं डोकं, असं विचारू नका. तुम्ही उशी ठेवता ना, तिथे असतं. आजवर मी ऐकून घेतलं, आज तुम्ही ऐकून घ्यायचं.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात काथ्याचा घट्ट थर, त्यावर रबराचा लवचीक थर, वरून जाड सुती कापड. कडेची शिवण घालणाऱ्या बाईने शेवटचा टाका मारला आणि माझ्या पाठीवर सणसणीत थाप दिली. "जा, झोपव कुणालातरी," म्हणाली. माझं शिक्षण एवढंच, पण ते मी कधी विसरले नाही. मग धूळ लागू नये म्हणून मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. प्रवासापुरतं ते ठीक होतं.

दुकानात मी भिंतीला टेकून उभी असायची. माझ्यासारखीच घडलेली माझी थोरली बहीण मात्र गिऱ्हाइकांना बघायला म्हणून पलंगावर उघडी मांडलेली होती. गादी निवडायला येणारी माणसं मोठी गमतीची असतात. कुणी कलिंगड बघावं तशी मूठ मारून बघतं. कुणी काठावर बसून उसळ्या घेतं. कुणी कापडाचा रंग पडद्यांना जुळतो का तेवढंच बघतं आणि निघतं. ज्या कामासाठी गादी घ्यायची ते काम, म्हणजे आडवं होणं, त्याचीच सगळ्यांना लाज. आमच्यातली फोमवाली तर नुसती भाव खायची. तिच्यावर पंजा दाबला की ठसा उमटायचा आणि गिऱ्हाईक खूश. अरे, तुम्ही काय पंजावर झोपता?

एक दिवस एक बाई आली. अख्खी गल्ली तिला बसवाली म्हणायची, कारण ती शाळेची बस चालवायची. दिवसभर बसून बसून तिची कंबर धरलेली असायची. सोबत नवरा होता. त्याचं लॅमिनेशनचं दुकान होतं, आणि 'जपून' म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे, म्हणून लोकांनी त्याचं नाव जपूनराव ठेवलं होतं.

बसवालीने चपला काढल्या आणि सरळ थोरलीवर आडवी झाली. तीही पाहुण्यासारखी उताणी नव्हे, घरी झोपायची तशी कुशीवर, उशी ओढून घेऊन. खांदा आणि खुबा हवे तेवढे आत गेले, कंबरेला खालून आधार मिळाला आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. चक्क घोरायला लागली.

"अगं, ऊठ, लोक बघतायत!" जपूनराव कानकोंडा झाला.

"बघू देत," ती डोळे न उघडता म्हणाली. "हीच घ्यायची."

याला म्हणतात गादी निवडणं! मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण जपूनरावाने नाक मुरडलं. "हा पीस उघडा आहे हो," तो विक्रेत्याला म्हणाला. "आम्हाला असाच, पण पॅकबंद द्या." पॅकबंद म्हणजे मी. मी मोठ्या ऐटीत त्यांच्या घरी निघाले.

घरात शिरले आणि माझी ऐट उतरली. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफ्यावर पारदर्शक कव्हर, जेवणाच्या टेबलावर जाड चकचकीत कागद. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा त्याने लॅमिनेट केलेलं होतं, त्यामुळे त्या घरात वर्षभर एकच महिना चालायचा.

मला पलंगावर ठेवल्यावर बसवाली कात्री आणायला वळली.

"थांब, थांब, जपून! आत्ताच काय घाई आहे? चहा सांडेल, डाग पडेल. थोडे दिवस राहू दे तसंच. नवी राहील."

थोडे दिवस! हे थोडे दिवस तुमच्याही घरात असतीलच. बसवाली दमलेली होती, वाद कोण घालणार? तिने चादर अंथरली. त्या घरात ती इतकी वर्षं प्लॅस्टिकच्या सहवासात राहिली होती की चादरीखाली गेलेलं प्लॅस्टिक तिच्या ध्यानातूनही गेलं.

मग सुरू झाले आम्हा दोघींचे हाल. तिने कूस बदलली की खालून चुर्र. चादर सरकून पायाशी गोळा व्हायची, पाठीला घाम फुटायचा. ती दचकायची, उठायची, पाणी प्यायची, पुन्हा पडायची. मी खालून जीव तोडून सांगायची, अगं, मी इथे आहे, मला तुझ्यापर्यंत येऊ दे! पण गादीचं कोण ऐकतं?

सल्ले द्यायला मात्र सगळे हजर. "वहिनी, तुला ही कडक लागतेय, मऊ घ्यायला हवी होतीस," नणंद म्हणाली. शेजारणीचं मत पडलं, मऊ आहे, खाली फळी घाल. फळी आली. फळी गेली. वर रजई आली, तीही घसरून गेली. मला उलटी केली, सुलटी केली, डोक्याकडची बाजू पायाकडे केली. चादर वर करून माझ्याकडे बघितलं तरी सगळ्यांनी कौतुकच केलं. "अय्या, अजून किती नवीकोरी!" तो शब्द ऐकला की माझ्या पोटातला काथ्या पेटायचा.

आणि मग नको ते घडलं. मुलांना घरी सोडताना सिग्नलपाशी बसवालीचा डोळा लागला. हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न वाजू लागले, मुलं "बसताई, बसताई!" म्हणून ओरडली तेव्हा तिला जाग आली. बस उभी होती म्हणून निभावलं. शाळेच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर बस दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल.

हे सगळं तिने घरी येऊन सांगितलं, माझ्याच काठावर बसून. "ते काय काढतायत मला, मीच उतरेन," ती म्हणाली. "मागे मुलं असतात हो. बस चालती असती तर?" आणि ती ओंजळीत तोंड लपवून रडली. या बाईचं बसवर किती प्रेम होतं ते मला ठाऊक होतं. इंजिनच्या आवाजावरून ती गाडीची तब्येत सांगायची.

जपूनराव वाईट माणूस नव्हता, हे मी रागातही कबूल करते. तो कासावीस झाला. "गादीच बदलू," तो म्हणाला. "ही लाभलीच नाही आपल्याला. खालच्या मजल्यावरचे मास्तर गादी शोधतायत, त्यांना देऊन टाकतो. बघ, प्लॅस्टिक ठेवलं ते बरंच झालं ना? नवी म्हणून जाईल." मला भिंतीला उभी करून तो मास्तरांना बोलवायला गेला.

आज मी गेले तर उद्या दुसरी येईल, तिच्यावरही प्लॅस्टिक राहील, आणि ही बाई बसवरून उतरेल. मला पाय असते तर मी दाराला आडवी पडले असते.

बसवाली दोरी घेऊन मला बांधायला आली. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "अशीच उभी होतीस तू दुकानात," ती पुटपुटली. "आणि मी तुझ्यासारख्याच गादीवर झोपले होते, भर दुपारी, लोकांसमोर. मग तुझ्यात काय कमी आहे गं?" बोलता बोलता तिने माझ्यावर हात ठेवला. हात घसरला. चुर्र.

ती थबकली. पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा चुर्र.

"तिच्या अंगावर हे नव्हतं," ती म्हणाली. आणि मग मोठ्याने, जणू घरातल्या सगळ्या कव्हरांना ऐकू जावं म्हणून, "हे नव्हतं!"

नवऱ्याच्या खणातून तिने लॅमिनेशनचा कटर आणला आणि माझ्या डोक्यापासून पायापर्यंत सर्रकन चालवला. रागाच्या भरात कटर खोल गेला आणि मलाही एक ओरखडा पडला. जाऊ दे! इतक्या दिवसांनी मला हवा लागली होती. मी आनंदाने भिंत सोडली आणि धाडकन जमिनीवर आडवी झाले. तिने उशी ओढली आणि कपडेही न बदलता तिथेच कुशीवर पडली. तिचा खांदा आत आला, खुबा आत आला. मी तिची कंबर उचलून धरली. शिवणवाल्या बाईने सांगितलेलं काम मला पहिल्यांदा करायला मिळत होतं. चार शब्द बोलायच्या आत बसवाली घोरायला लागली.

दार उघडलं. "अगं, जपून..." म्हणत जपूनराव आत आला. मागून मास्तरांनी डोकावलं. "हीच ना?" ते म्हणाले. "नवी आहे म्हणालात."

जपूनरावाने खाली पडलेलं प्लॅस्टिक बघितलं, माझा ओरखडा बघितला. मग बायकोचा निवांत झोपलेला चेहरा बघितला. प्रत्येक वस्तू नवीच राहावी म्हणून धडपडणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "नाही हो मास्तर. ही वापरात आहे." आणि त्याने बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

बसवाली आजही बस चालवते. माझ्यावर चहाचा मोठा डाग आहे, तो जपूनरावानेच पाडला. तिच्या कुशीच्या जागी मी थोडी दबलेय, ओरखड्यातून दोरे लोंबतायत. ते प्लॅस्टिक त्याने घडी घालून कपाटावर ठेवलंय, लागेल कधीतरी म्हणून. ठेवू दे. माझ्या अंगावर ते पुन्हा येणार नाही.

तुम्ही मात्र आता उठा आणि तुमची चादर वर करून बघा. खालून चुर्र असा आवाज आला, तर कात्री कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे. आणि फार जपून कापू नका. एखादा ओरखडा आम्हाला चालतो.