अकरा सेकंद

त्या रविवारी सकाळी दैवशाला सहा बायकांना घेऊन कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये होती. आदल्या संध्याकाळी पुंकेसर काढून सोललेल्या कळ्यांवरचे लाल कागद काढायचे आणि त्यांवर नराचं फूल फिरवायचं, की क्रॉसिंग झालं. कोणती ओळ झाली, कोणती राहिली, हे तिला वहीशिवाय ठाऊक असे. पुण्याच्या प्रयोगशाळेतून दोन दिवसांसाठी आलेली लेक, शिवकन्या, मागोमाग चालत होती. तिनं एक फूल हाताळलं आणि मोडलं. दैवशाला बायकांना म्हणाली, "हिला उंदराची शेपटी धरता येती. फूल न्हाई जमत."

दुपारी जेवणं झाली. धाकट्या कल्याणनं बहिणीला मोटारसायकलवर जालना स्टेशनला सोडलं. खुपावं असं त्या दिवसात काहीच नव्हतं, आणि आता शिवकन्येला तेच सोसत नाही.

प्रयोगशाळेत तिचं काम स्मृतीचं होतं. शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटतं, असा एक आजार आहे. त्या रुग्णांच्या अँटीबॉडी बारीक पंपानं चौदा दिवस उंदरांच्या मेंदूत सोडायच्या. मग पेटीत दोन ठोकळे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक बदलायचा. धडधाकट उंदीर नव्याकडं धावतो. आजारी उंदराला दोन्ही सारखेच नवे वाटतात. पंप थांबला की काही आठवड्यांत बहुतेक उंदरांची आठवण परत येते. माणसांतही वेळेवर औषध मिळालं तर बरेच जण सावरतात, हे तिनं स्वतःच्या शोधनिबंधात लिहिलं होतं.

पंधरा दिवसांनी भावजयीनं, सुरेखानं, मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. अकरा सेकंदांचा. दैवशाला भाकरी थापतेय. मध्येच उजवा हात झटकन उडतो, ओठाची कड त्याच बाजूला ओढली जाते, आणि ती पुन्हा थापू लागते. मागं कल्याणचं हसू ऐकू येतं. खाली सुरेखानं लिहिलं होतं, मायचा नवा नाच. शिवकन्येनं व्हिडिओ तीनदा पाहिला. मग हसणारं तोंड पाठवून ती पेट्यांकडं वळली.

त्यानंतर दैवशाला झालेल्या ओळी पुन्हा करू लागली. घरच्यांनी वय झालं म्हटलं. तीन आठवड्यांनी तिला मोठा झटका आला. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात चार दिवस ती शुद्धीवर आली नाही, आणि पाचव्या दिवशी गेली. तपासणीचा कागद नंतर आला. त्यावरचं अँटीबॉडीचं नाव शिवकन्येच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर होतं. वाचताना तिला रडू आलं नाही.

तेराव्याला ओसरीवर माणसं बसली होती. मावशी उषाबाई कल्याणला सोडायला तयार नव्हती. घरात राहून दिसलं कसं नाही, हे ती सकाळपासून वेगवेगळ्या शब्दांत विचारत होती. कल्याण खाली मान घालून एवढंच म्हणाला, "एकच गोष्ट दहादा इचारायची मावशी, आन् मी हासायचो. माझ्याच्यानं उशीर झाला."

"तुझ्याच्यानंच," उषाबाई म्हणाली. "पोरगी बिचारी दूर. तिला काय कळणार?"

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी शिवकन्येच्या पाठीवर हात ठेवला. इतके दिवस तिनं हा हात असाच ठेवू दिला होता. आता ती बाजूला सरकली.

"कल्याणची चूक न्हाई, मावशी," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "मला कळलं व्हतं. सुरेखाचा व्हिडिओ पाहिला त्याच घडीला. असा हात याच आजारात उडतो, दुसऱ्यात सहसा न्हाई. मी म्हणलं, आपण दिवसभर हेच बघतो म्हणून जिथं तिथं तेच दिसून राह्यलंय. त्या दिवशी माझ्या उंदरांचा चौदावा दिवस व्हता, तो चुकवायचा नव्हता. संध्याकाळी फोन करीन म्हणलं. केला न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. तवाच बोलले असते तर माय बहुतेक वाचली असती."