दोन पायऱ्या आणि मी

अहो, जरा थांबा, मी दरवाजा बोलतोय! शाळेचा जुना, लाकडी, सात फुटी दरवाजा. एरवी आम्ही नुसते करकरतो, पण माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एका सुतारानं चार जाड फळ्या जोडून, मागून तीन आडव्या पट्ट्या ठोकून मला घडवलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेला लावलं. तीस वर्षं मुलांनी मला ढकललं, आपटलं, माझ्यावर कर्कटकानं नावं कोरली. मास्तर आत असले की मुलं मला बोटानं उघडत. नसले की लाथेनं!

मग लोखंडी दरवाजा आला. शिपाईमामांनी माझ्या बिजागऱ्या काढल्या, मला जिन्याखाली टेकवलं आणि वर मोडकी बाकं रचली. तिथून मला शाळेचा व्हरांडा आणि त्याच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसायच्या. पाच वर्षं मी त्याच बघत होतो.

त्या दिवशी शाळेत मतदान होतं. सकाळी सातच्या आधीच रांग लागली होती. रांगेत अगदी पुढे अठरा वर्षांची एक मुलगी उभी होती. केस अजून ओले, हातात ओळखपत्र घट्ट धरलेलं.

"पहिलंच मत वाटतं?" शिपाईमामांनी विचारलं.

"हो ना मामा! पाचलाच जाग आली."

तिच्यासोबत व्हीलचेअरमध्ये तिचे शेजारी होते, घड्याळं दुरुस्त करणारे काका. ही पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून काका तिला भिंगरी म्हणायचे. आज त्यांना घराबाहेर काढायला तिला आठवडाभर मागे लागावं लागलं होतं, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

रांग पुढे सरकली आणि व्हीलचेअर पायऱ्यांशी येऊन अडली.

"दोनच तर पायऱ्या आहेत," रांगेतला एक जण म्हणाला. "चला, काकांना उचलू या." लगेच चौघं पुढे आले. मनानं चांगली माणसं होती.

"नको," काका म्हणाले.

"अहो, एका मिनिटाचं काम!"

"मागच्या वेळीही असंच उचललं होतं. वर नेताना एक जण ओरडला, 'डावीकडून तिरकं घ्या!' कपाट नेतात ना, तसं. सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर ठरवलं, पुन्हा नाही." काकांनी खुर्ची वळवली. "भिंगरी, तू जा. तुझं पहिलं मत आहे. माझ्या एकट्याचं राहिलं तर काही बिघडत नाही."

आतून हाक आली, "पुढचे कोण?"

भिंगरी जागची हलली नाही. "तुमच्या एकट्यानं बिघडत नसेल, तर माझ्या एकटीनं तरी काय बिघडतंय? चला, दोघंही घरी जाऊ."

"हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही, काका. तुम्हाला बाहेर ठेवून मी आत बटण दाबायचं? मला नाही जमणार." आणि ती गर्रकन वळली. "मामा, एखादी मोठी, जाड फळी आहे का हो?"

मामांनी डोकं खाजवलं. "फळी नाही बाई. एक दरवाजा आहे बघ."

तो दरवाजा म्हणजे मी! बाकं धडाधड खाली उतरली. पाच वर्षांची धूळ उडाली, चार जण शिंकले आणि माझ्या फळ्या नुसत्या आनंदानं खडखडू लागल्या.

आवाज ऐकून मतदान अधिकारी बाई बाहेर आल्या. "हे काय चाललंय?" भिंगरीनं एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी आधी पायऱ्यांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"मतदान थांबवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "रांग मात्र सरकवता येईल. लोकांना त्या बाजूनं घ्या, या बाजूला दरवाजा टाका. जबाबदारी माझी."

काकांना उचलायला आलेल्या त्याच चौघांनी मला उचललं. "डावीकडून तिरकं घ्या!" त्यांतला एक ओरडला. लगेच त्यानं जीभ चावली. आणि मग सगळ्यात मोठ्यानं हसले ते काका!

मामांनी माझ्या पायथ्याशी दोन विटा लावल्या. भिंगरीनं माझ्यावर दोन उड्या मारून पाहिल्या.

"हात लावू, काका?"

"नको. नुसती बाजूला राहा."

काका निघाले. निम्म्यावर चाकं थांबली आणि खुर्ची मागे घरंगळली. रांगेनं श्वास रोखला. काकांनी पँटला हात पुसले, खुर्ची आणखी मागे घेतली आणि एका झपाट्यात वर आले. मी करकरलो, पण वाकलो नाही! अहो, रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"शांतता! मतदान चालू आहे," बाई दटावत होत्या, पण त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं.

काकांनी कोणाला मत दिलं? मला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. मला फक्त मतदान यंत्राचा आवाज आला, पीं! थोड्या वेळानं दुसरी पीं आली, ती भिंगरीची.

ती बाहेर आली. "काका, एवढंसंच असतं? मला वाटलं होतं, काहीतरी भलंमोठं असेल."

"मग ओळखपत्र अजून इतकं घट्ट का धरलंयस?"

तिनं हातांकडे पाहिलं आणि दोघंही हसत सुटले.

संध्याकाळपर्यंत मला उसंत मिळाली नाही. काठी टेकत आजी आल्या, बाळाला बाबागाडीत घेऊन एक आई आली, पाय प्लास्टरमध्ये असलेला ड्रायव्हर आला. अशी माणसं इतकी वर्षं मतदानाला का दिसत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

भिंगरी तिथेच थांबली नाही. पुढच्या आठवड्यात, मामा सांगत होते, ती शिक्षण खात्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेली: शाळेला पक्का उतार हवा. कचेरीत कधी साहेब जेवायला गेलेले, कधी अर्ज हरवलेला. पाच खेपा वाया गेल्या. सहाव्या वेळी तिनं काकांनाच सोबत नेलं. कचेरीलाही पायऱ्या होत्या. साहेबांना खाली यावं लागलं! तोवर मी पायऱ्यांवरच राहिलो आणि आठ महिन्यांनी शाळेला कठड्यासकट सिमेंटचा उतार झाला.

त्या दिवशी मी पुन्हा बिनकामाचा झालो, आणि सांगतो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आता मी शाळेच्या वाचनालयात टेबल होऊन आडवा पडलोय. मुलं माझ्यावर वर्तमानपत्र पसरून वाचतात, वाद घालतात, मुठी आपटतात. आपटू देत, मला सवय आहे.

तुमचंही पहिलं मत जवळ आलं असेल. जा, उड्या मारत जा! फक्त आत शिरण्याआधी एकदा मागे वळून बघा, पायऱ्यांशी कोणी थांबलंय का.