खोलीपेक्षा गार

माझी बायको गेली असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने मला पहिला प्रश्न विचारला, "भाऊजी, घरी मशीन चालू आहे ना?"

हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात. मला त्या वेळी राग आला नव्हता. मशीन चालूच होतं. दवाखान्यात जायला निघताना तिनेच ते बंद करू नका असं बजावलं होतं. तिचा सिनेमा त्यात तयार होत होता, आणि हे दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसांत फक्त त्याला आठवलं. एवढं श्रेय मी त्याला देतो. यापुढे देण्यासारखं फारसं नाही.

ती घरी बसून जाहिरातींसाठी अ‍ॅनिमेशन करायची. नाचणारे टूथब्रश, विम्याच्या छत्र्या, असलं काहीबाही. उरलेल्या वेळात तिने स्वतःचा एक छोटा सिनेमा केला होता. एक म्हातारा शिंपी शेवटचा कोट शिवून दुकान बंद करतो, एवढीच गोष्ट. शेवटी तो कोट झटकतो आणि खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ उडते. ती धूळ खाली कशी येते यावर तिने कित्येक महिने घालवले. मी म्हणायचो, धूळ ती धूळ. ती म्हणायची, तुम्ही दुकानात काचा कापता, तुम्हाला कचरा दिसतो.

तिचं काम संपलं होतं. उरलं होतं ते मशीनचं. एकेक चित्र मशीन हिशोब करून पूर्ण करतं, त्याला रेंडर म्हणतात, आणि ते भयंकर हळू चालतं. मशीन आपल्या चालीने चाललं असतं तर सगळं झालं असतं. पण ज्या प्रोग्रॅममध्ये ते होतं त्याचा परवाना तिच्या नावावर होता आणि महिनाअखेरीस, काम पुरं व्हायच्या आधीच, संपत होता. मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की परवाना ग्राहकाला स्वतःलाच वाढवता येतो. मी म्हटलं, ग्राहक वारली. ती म्हणाली, मग त्यांनी नोंदवलेल्या पत्त्यावरून आम्हाला एक मेल करावा.

तेव्हा तिचा तो धाकटा भाऊ, टर्बो, पुढे झाला. हे नाव त्याच्या बहिणीनेच ठेवलेलं. दिवसा तो फरशांच्या शोरूममध्ये बसतो, बाकी वेळ ओव्हरक्लॉकिंग करतो. म्हणजे कंपनीने प्रोसेसरला, मशीनच्या मुख्य चिपला, जो वेग ठरवून दिलाय त्याहून जास्त वेगाने तो पळवायचा. असल्या लोकांचा फोनवर एक गट आहे. लोक नातवंडांचे फोटो पाठवतात, हे प्रोसेसरच्या तापमानाचे फोटो पाठवतात. कुणाचा आकडा कमी आला की बाकीचे शाबासकीचे अंगठे पाठवतात. मोठी माणसं आहेत, पोटापाण्याला लागलेली.

टर्बो म्हणाला, मी वेग वाढवून देतो, महिनाअखेरीच्या आत होईल. त्याने पाण्याच्या नळ्यांचा कूलर आणून बसवला. आत जांभळे दिवे होते. दिव्यांनी काय थंड होतं ते मी विचारलं नाही. बसवून झाल्यावर त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावला, मागे सरकला आणि हाताची घडी घालून उभा राहिला, जणू त्याने मुलगी उजवली.

आकडा होता चोवीस. भिंतीवरच्या घड्याळात खोलीचंही तापमान दिसतं. तिथे तीस होतं.

मी म्हटलं, "टर्बो, खोली तीस, आणि तुझी चिप चोवीस?"

"लिक्विड कूलिंग आहे, भाऊजी."

"पाणी याच खोलीतलं ना? का माहेराहून आणलंय?"

त्याची बायको दारात उभी होती, ती हसली. म्हणाली की घरात पोराला ताप आला तर यांना कपाळाला हात लावून कळत नाही. टर्बोने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मला समजावलं की घड्याळ स्वस्तातलं आहे, आकडा दाखवणारा प्रोग्रॅम जगभर वापरतात, आणि गटात सगळ्यांनी या आकड्याला शाबासकी दिली आहे. जी वस्तू पंख्याच्या आणि पाण्याच्या जोरावर थंड होते ती खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. गटात ते कुणालाच कळलं नाही, कारण आकडा छान होता.

मी विषय सोडून दिला. मलाही सिनेमा हवा होता.

काम सुरू झाल्यावर आकडा अठ्ठ्याहत्तरवर जाऊन थांबला. टर्बो म्हणाला, शंभरपर्यंत हरकत नसते, हे तर वसंत ऋतू चाललाय. तो रोज शोरूममधून सुटला की यायचा, चहा घ्यायचा, आकड्याकडे बघायचा आणि जायचा. चित्रांकडे बघत नसे. चित्रं मी बघायचो. शेवटच्या प्रसंगापर्यंत आलो, शिंप्याने कोट झटकला, धूळ उडाली, आणि मला ती धूळ जास्त वाटली. काही ठिपके हवेत तरंगत नव्हते. एका चित्रात होते, पुढच्यात नव्हते.

टर्बोला दाखवलं. तो म्हणाला, "ताईनेच काढलेत ते. तिचं काम किती बारीक असायचं, तुम्हाला काय माहीत?"

हे तो मला सांगत होता. तिच्याबरोबर राहिलेल्या माणसाला. मी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, हेच एक चित्र पुन्हा काढ, दोनदा. तिने काढलेली धूळ दोन्ही वेळा जागच्या जागी येईल. हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं, की मशीनला लहर नसते, तेच दिलं तर तेच देतं.

त्याने दोनदा काढलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. बरीच धूळ जुळली. बाकीचे ठिपके पहिल्यात एकीकडे होते, दुसऱ्यात भलतीकडेच. मशीनचा हिशोब चुकत होता.

टर्बो खुर्चीत बसला. मग त्याने जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पंखे मुद्दाम मंद केले आणि वेगाच्या आकड्याकडे बघत राहिला. प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापला की जीव वाचवायला स्वतःच हळू होतो. ती मर्यादा शंभर. आमच्या कोपऱ्यातल्या आकड्यात पंच्याऐंशी दिसत असतानाच तो हळू झाला.

म्हणजे आकडा पंधराने कमी दाखवत होता. अठ्ठ्याहत्तर म्हणजे त्र्याण्णव; एवढं तापलेलं मशीन एवढ्या वेगाने पळवलं की हिशोब चुकतो. आणि सुरुवातीचे ते चोवीस म्हणजे एकोणचाळीस, जे खोलीला शोभतं.

मी विचारलं, हे कसं झालं. तो सांगेना. त्याच्या बायकोने खोदून विचारलं तेव्हा बोलला. चिप आपलं तापमान सांगतच नाही. मर्यादेपासून आपण किती लांब आहोत एवढंच सांगते. मर्यादा किती ते प्रोग्रॅमला माहीत असावं लागतं, आणि ती हाताने बदलता येते. याने ती बदलली होती. गटातल्या एकाच्या चिपची मर्यादा पंच्याऐंशी होती, तीच यानेही टाकली. ती चिप वेगळी, जुनी. पण हा आकडा टाकला की तापमान सुंदर दिसायचं.

गटातल्या नवख्यांना मात्र तो शिकवायचा, की मर्यादा आधी तपासा, खोलीशी ताडून बघा, मशीनवर कामाचं ओझं टाकून बघा. शिकवताना त्याचा आवाज कसा असायचा तो मी ऐकलाय.

"मग स्वतः का नाही बघितलंस?" मी विचारलं.

"मला चालायला हवं होतं ते, भाऊजी." पुढे म्हणाला, "तिचं होतं म्हणून."

तिचं होतं म्हणून खोटं चालवलं. याला प्रेम म्हणत असतील तर म्हणोत. तिला हे कळलं असतं तर तिने त्याला मशीनसकट बाहेर काढलं असतं, जांभळ्या दिव्यांसह. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो रडला. मी त्याला थांबवलं नाही, पाणीही दिलं नाही. त्याच्या बायकोने दिलं.

त्याने वेग मूळचा केला, मर्यादा शंभर टाकली. आकडा आता बेचाळीस आणि सत्तरच्या मध्ये फिरतो आणि त्याचा फोटो कुणी कुणाला पाठवत नाही. बिघडलेली चित्रं पुसून आम्ही शेवटचा प्रसंग पहिल्यापासून सुरू केला. प्रत्येक चित्र मी दोनदा काढायला लावलं. त्याने वेळ दुप्पट लागला हे मला मान्य आहे. पण मला तिची धूळ हवी होती, मशीनची नको होती.

महिना संपला. सकाळी प्रोग्रॅम उघडला तर परवान्याची चौकट आली आणि तिच्या नावाखाली नूतनीकरण करा असं लिहिलेलं होतं. कंपनीला मी पुन्हा फोन केला. गोड आवाजाची मुलगी बदलली होती, आता गोड आवाजाचा मुलगा होता. त्याने मृत्यूचा दाखला मागवला. मी पाठवला. उत्तर आलेलं नाही.

शिंपी कोट झटकतो, तिथपर्यंत चित्रं झाली आहेत. धूळ अर्ध्यावर आली आहे. ती खाली बसण्याचा भाग काढायचा राहिला आहे.