पांढऱ्या रुमालाचा निकाल

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर लाल पाण्याचं घंगाळ, मागे रुमालमहाराज. ते रोग्याच्या अंगावरून पांढरा रुमाल फिरवून पाण्यात बुडवत. लाल निघाला तर रोग बाकी, पुन्हा या. थेंब घरंगळून पांढराच राहिला तर रोग गेला, औषधं बंद.

माझ्या धाकट्या बहिणीचा रुमाल पांढरा निघाला होता. तिने मधुमेहाचं इन्शुलिन सोडलं आणि आठवड्यात गेली. आज तिचा नवरा त्याच आजाराच्या लेकीला घेऊन रांगेत पहिला उभा होता.

"भाऊजी, एकीला घालवून पोट भरलं नाही?"

"तिची श्रद्धा कमी पडली ताई. महाराजच म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रेनकोटच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. बहिणीने प्रसाद म्हणून घरी आणलेला रुमाल मी तपासला होता. त्याला आमच्या कापडासारखाच मेणाचा हात दिलेला. मी पुढे झाले, पाणी डोळ्यांना लावायच्या निमित्ताने भांडी घासायचा पातळ साबण घंगाळात ओतला आणि हाताने ढवळला.

"आधी माझी परीक्षा," महाराज नेहमीप्रमाणे म्हणाले. "मन निर्मळ, त्याला रंग शिवत नाही." त्यांनी झोकात स्वतःचा रुमाल बुडवला. तो लालभडक निघाला.

"कोणी पापी शिवलंय पाण्याला."

"मीच शिवले. दुसरा बुडवा."

दुसराही लाल, तिसराही. खोटं कशाला बोलू, त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला फार बरं वाटलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं. मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही. पाणीच टेकलं नाही तर त्यातला रंग चिकटणार कसा? साबणाच्या कणाचं एक टोक मेणाला धरतं, दुसरं पाण्याला. असे कण मेणावर दाटीने बसले की पाणी पसरतं, धाग्यात शिरतं आणि रंग आत नेतं. ज्याला परत बोलवायचं, त्याला हे बिनमेणाचा रुमाल लावतात.

महाराज जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आपसात मिटवू."

"मिटवते. माझी बहीण आणून द्या."

दारात पोलीस उभे होते. मीच बोलावले होते.

"रक्तात साखर किती, ते रुमालाला कळत नाही," मी लोकांना म्हणाले. "रक्त तपासा. डॉक्टरांना विचारा. आणि चमत्कार दिसला तर आधी त्याचं कापड तपासा."

भाऊजी लेकीला घेऊन रांगेतून बाहेर आले. मी पर्समधून भाचीचं इन्शुलिन काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"ताई, तुम्हीच टोचा. माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे. तुम्हीच टोचायचं. रोज."