पंपाचा आवाज

तिने पंपाची हवा बंद केली, गोंदाच्या पिंपातून नळी वर ओढली आणि टोकाला नाक लावलं. गोंद आंबला नव्हता. घट्टही झाला नव्हता. नळी पुन्हा पिंपात सोडून तिने हवा सुरू केली. पंपाने दोन ठोके सावकाश दिले आणि मग धाप लागल्यासारखा तो धावत सुटला. रोलरवर गोंदाचा थर अर्धाच चढला. पट्ट्यावरून बिअरच्या बाटल्या पुढे सरकल्या. निम्म्यांची लेबलं कोपऱ्यात सुटलेली, काही तर लेबलाविनाच.

मशीन चालवणाऱ्या मामांनी लाल बटण दाबलं. ते कुणाचेच मामा नव्हते, पण कारखान्यात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे.

"दहा वाजले," सुपरवायझर दारातूनच म्हणाले. "अकरापर्यंत चालू झालं नाही, तर बाहेरचा मेकॅनिक बोलावतो. आणि मग दर वेळी त्यालाच बोलवावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

आपण घाबरायला हवं होतं, एवढं तिच्या ध्यानात आलं. तीन वर्षं ती इथे फिटर होती, तरी लोक तिला फिटरची मुलगीच म्हणत. फिटर म्हणजे तिचे बाबा. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. प्रयत्न केला तर शब्द परततील, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा प्रयत्नच करत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असत. तीही रोज त्यांना भरवून, पुसून, कामावर येई आणि यात तिला आताशा काहीच वाटत नसे.

"त्यांना फोन लाव," मामा म्हणाले. "आवाज ऐकव. नुसत्या ठोक्यावरून ओळखायचे ते."

"ते बोलत नाहीत, मामा."

"ऐकतात ना?"

वाद घालायचंही तिच्या जिवावर आलं. तिने फोन लावला. आईने तो बाबांच्या कानाला धरला. मामांनी पंप सुरू केला आणि ती फोन पंपापाशी धरून उभी राहिली. दोन ठोके, मग धावाधाव. पंप बंद झाल्यावर तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून बाबांचा एक लांब श्वास आला, ओठ आवळून आत ओढलेला. सुर्र्र. पुन्हा एकदा, मोठ्याने, सुर्र्र.

"हवा ओढतोय," मामा ऐकून म्हणाले. "नळी कुठेतरी हवा ओढतेय. बघ, म्हटलं नव्हतं?"

तिने नळी बदलली. जुनी क्लिप काढून नवी आवळली, जोडावर टेप गुंडाळली. पंप सुरू केला.

दोन ठोके, मग धावाधाव.

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा होऊन गेले होते. तिने हवा तोडली आणि पंपाचा खालचा भाग खोलायला घेतला. आतली पोलादी गोळी दर ठोक्याला खालच्या बैठकीवर घट्ट बसायला हवी, म्हणजे ओढलेला गोंद मागे जात नाही. गोळी अधांतरी अडकली होती. तिच्याखाली वाळलेल्या गोंदाचा हरभऱ्याएवढा खडा होता. तिने तो चिमट्याने काढून खिशात टाकला, कोमट पाण्याने बैठक धुतली आणि सगळं परत जोडलं.

पंप एका लयीत ठोके देऊ लागला. रोलर काठापासून काठापर्यंत ओला झाला. सुपरवायझर येऊन दोन बाटल्या उचलून बघून गेले. लेबलं सरळ होती.

तिचा फोन वाजला.

"अगं, हे विचारतायत," आईचा आवाज घाईचा होता. "उठून बसलेत. माझा हात धरला, उठव म्हणून. फोनकडे सारखं बोट दाखवतायत. काय झालं त्या पंपाचं?"

तिने खिशातला खडा तळहातावर घेतला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"फोन स्पीकरवर टाक," ती म्हणाली. "बाबा, हवाच ओढत होता. नळीच्या जोडातून. तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं."

पलीकडे घशातून एक खरखरीत आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"क... क्लि..."

"काय म्हणतायत गं?" आई जवळजवळ ओरडली. "ऐकलंस का? बोलले!"

"क्लिप," ती म्हणाली. "हो बाबा. नवीन घातली."

आपला आवाज असा भरून का आला, हे तिला कळेना. तिने मशीनकडे पाठ फिरवली. मामा कधीचे बाजूला येऊन उभे होते. त्यांनी तिच्या तळहातावरचा खडा अलगद उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि आपल्या बटणांपाशी परत गेले.

"अजून विचारा, बाबा," ती म्हणाली.