खाडीतलं लपण

लाकडाकडे नुसतं बघून जेराल्ड लोपीस त्याची जाडी सांगायचा. वसईच्या किनाऱ्यावर त्याच्या बापाने मचवे बांधले होते. जेराल्ड मात्र अकरा वर्षं आखातात, रास अल खैमाला, फायबरच्या बोटी बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये राबत होता. तिथे सुताराला काम फारसं नसायचं. साचे, फळ्या, सीट, बस्स. म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात मॅनेजर दत्तप्रसाद सबनीसांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि कागदावर पेन्सिलीने एक चौकोन काढला, तेव्हा त्याला आधी बरंच वाटलं.

"दुबईचा एक गोरा पाहुणा येतोय," सबनीस म्हणाले. "बारा बोटींची ऑर्डर आहे त्याच्या हातात. शिकारीचा नाद आहे त्याला, बदकांच्या. होडीवर बसवता येईल असं लपण हवंय. पक्ष्यांना माणूस दिसता कामा नये. आणि घडी करून पिकअपमध्ये टाकता आलं पाहिजे. जमेल?"

"जमेल साहेब. पण शिकारीला बंदी आहे ना इथे?"

"म्हणून तर घडीचं पाहिजे." सबनीस हसले. मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, "तुझा सुट्टीचा अर्ज आहे ना माझ्याकडे?"

अर्ज तीन महिने त्यांच्याच टेबलावर होता. अकरा जानेवारीला जेराल्डच्या मुलीचं, इसाबेलचं लग्न होतं. पासपोर्ट सबनीसांच्या खणात होता आणि खणाला कुलूप होतं.

"लपण चांगलं कर," सबनीस म्हणाले. "बघू मग."

जेराल्डने जीव ओतला. चौदा फुटी होडीच्या दोन्ही बाजूंना त्याने ॲल्युमिनियमच्या पाइपांच्या चौकटी उभ्या केल्या, लांब बिजागऱ्यांनी जोडल्या. चौकटींवर मातकट कॅनव्हास, त्यावर जुनं मासळीचं जाळं, जाळ्यात ओवलेल्या खजुराच्या झावळ्या आणि वाळकं गवत. बंदूक काढायला फटी ठेवल्या. बार काढताना तिघं एकाच अंगाला झुकले तर होडी कलंडेल, म्हणून दोन्हीकडे तोंडं बंद केलेले जाड प्लास्टिकचे पाइप तरंगते बांधले. घडी करायला दहा मिनिटं लागत. त्याने घड्याळ लावून पाहिलं होतं. वर्कशॉपमागच्या खाडीत, तिवरांच्या कडेला ते उभं केलं की पन्नास पावलांवरून झुडूपच वाटे.

सबनीस खूश झाले. "आता फक्त बदकं खाली उतरली पाहिजेत."

आणि इथे जेराल्डने तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं. कारागिराला आपलं काम पुरतं साधलेलं बघायचं असतं, तेवढंच. "पाण्यावर दोन-चार जिवंत बदकं बांधून ठेवली तर वरची बघून उतरतात साहेब. आपल्या चाचांकडे आहेत की सहा."

चाचा म्हणजे बदरुद्दीन परकार, वर्कशॉपचा वॉचमन. श्रीवर्धनचा, साठीला आलेला. बाजारातून त्याने मुठीएवढी पिल्लं आणली होती आणि पाण्याच्या टाकीमागे जाळी मारून वाढवली होती. सगळ्यांत थोरलीला तो बेगम म्हणायचा. त्याने शीळ घातली की बेगम पुढे आणि बाकीची पाच मागे, अशी वरात निघायची. अकरा वर्षांत जेराल्डचा दर शुक्रवारचा चहा याच माणसाबरोबर झाला होता.

"पाण्यात पोहायला नेतो, चाचा. साहेबांच्या पाहुण्याला बघायचीत," जेराल्ड म्हणाला.

"बघायला?"

"फोटो काढणार आहे तो."

बदरुद्दीनने स्वतः एकेक पकडून टोपलीत भरली. "बेगमला पुढं सोड हां, जेराल्डभाय. ती पुढं नसली की बाकीची भितात."

गुरुवारी सकाळी उजाडताना ते खाडीत होते; सबनीसांची छोटी मोटरबोट मागे तिवरांना बांधली होती. जेराल्ड वल्ह्यावर, सबनीस आणि पाहुणा फटींशी. सहाही बदकांच्या पायांना सुतळी आणि सुतळीला शिशाचे गोळे, त्यामुळे ती एका जागी तरंगत राहिली. त्यांनी ओरडायला सुरुवात केली. जेराल्डला वाटलं होतं तसंच झालं. वरून जाणारा थवा वळला, घिरट्या घालत खाली आला.

पहिल्या बारात चार पडली. एक बदक पंख तुटून पाण्यावर गोल गोल फिरत राहिलं. सबनीसांनी ते वल्ह्याने ओढून घेतलं आणि मान पिरगळायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते नीट जमेना. तीनदा पिरगळली. पाहुणा हसत होता. मग दोन तास आकाश रिकामं राहिलं. पाहुणा कंटाळला. त्याने फटीतून बंदूक खाली केली आणि बांधलेल्या बदकांवर, दहा हातांवरून, दोन बार काढले.

"अहो साहेब, ती चाचांची—" जेराल्ड उठला तशी होडी हलली.

"खाली बस!" सबनीस म्हणाले. आणि पाहुण्याकडे बघून त्यांनी टाळी वाजवली.

दोन मेली होती. उरलेली चार सुतळी ताणून धडपडत होती. बेगमच्या पायाला सुतळी कापत होती, पाण्यात लाल धागा उतरत होता.

"घडी करू, साहेब? दहा मिनिटांत होतं."

"राहू दे. उद्या परत यायचंय. पाहुण्यांना भूक लागलीय."

"बदकं तरी—"

"राहू दे म्हटलं ना!"

ते सबनीसांच्या मोटरबोटीत बसून निघून गेले, जेराल्डही. लपण आणि त्यापुढे बांधलेली चार बदकं खाडीत राहिली. संध्याकाळी बदरुद्दीनने गेटावर अडवून विचारलं, तेव्हा जेराल्ड म्हणाला, "उद्या आणतो चाचा. मजेत आहेत."

दुसऱ्या दिवशी पाहुण्याचं डोकं दुखत होतं. कुणीच गेलं नाही. शनिवारी दुपारी सरकारी गाडी गेटातून आत वळली. मागे होडी ओढून आणली होती, तिच्यावर लपण जसंच्या तसं उभं. सबनीसांनी ते केबिनच्या खिडकीतून पाहिलं आणि जेराल्डला आत ओढून दार लोटलं.

"मला काही माहीत नाही. तुलाही नाही. अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे, कळलं?"

बाहेर दोन अधिकारी उभे होते. एकाच्या हातात पेटी, पेटीत तीन बदकं. चौथं रात्रीत मेलं होतं. अधिकारी मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये किसका?"

जेराल्डने मान खाली घातली. सबनीसांनी खांदे उडवले. तेवढ्यात टाकीमागून बदरुद्दीन धावत आला. पेटीत वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"बेगम! अगो, कुठं होतीस तू? साब, ये मेरी है. सब मेरी है. छे थी, तीन किधर?" त्याने बेगमला छातीशी धरलं. तिचा कापलेला पाय तळहातावर घेतला.

"तेरी?" अधिकाऱ्याने विचारलं. "और ये?" त्याने होडीवरच्या लपणाकडे बोट केलं. लपणात रिकामी काडतुसं होती, ती त्याने तळहातावर घेऊन दाखवली.

बदरुद्दीन जेराल्डकडे वळला. "सांग ना जेराल्डभाय. तू केलंस ना हे? फोटोसाठी?"

"मैंने बनाया," जेराल्ड म्हणाला. "चाचाने बोला, इसलिए बनाया. आगे का मालूम नहीं."

सबनीसांनी लगेच मान डोलावली. "बरोबर. वॉचमन आहे आमचा. रात्रीबेरात्री कुठे जातो, काय करतो, आम्हाला काय कळणार?" हेच त्यांनी इंग्रजीत अधिकाऱ्याला सांगितलं.

बदरुद्दीन बेगमची पिसं सारखी करत होता. त्याला बहुधा अजून समजलंच नव्हतं. गाडीत बसताना त्याने बेगमला परत पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि हात पुसले.

एकोणीस दिवसांनी तो कोठडीतून एका पोलिसाबरोबर आला. व्हिसा रद्द झाला होता. सामान घ्यायला पंधरा मिनिटं दिली होती. दाढी वाढली होती, चप्पल कुणा दुसऱ्याची होती. त्याच्या खोलीतली बॅग भरायला जेराल्डच पुढे झाला, कारण दुसरं कुणी होईना. वीस वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं.

"तिथं मी रोज तुझं नाव घेतलं," बदरुद्दीन म्हणाला. "म्हटलं, जेराल्डला बोलवा, तो खरं सांगंल. लोक हसायचे." त्याने विचारलं, "साहेबाने दम दिला होता ना तुला? एवढंच सांग. मी कुणाला बोलणार नाय. माझ्या मनाला बरं वाटंल."

समोर केबिनचं दार उघडं होतं. सबनीस खुर्चीत बसून इकडेच बघत होते. पासपोर्ट संध्याकाळी मिळणार होता, विमान दुसऱ्या दिवशीचं होतं.

"नाही चाचा," जेराल्ड म्हणाला. "कुणी दम नाही दिला."

 बदरुद्दीनने बॅगेचा बंद जेराल्डच्या हातातून काढून घेतला. पोलिसाने यल्ला, म्हणजे चल, म्हटलं आणि ते गेले.

अकरा तारखेला वसईत लग्न झालं. बँड होता, तीनशे माणसं जेवली. इसाबेलच्या सासऱ्याने जेराल्डला विचारलं, तिकडे काय काम करता? बोटी, तो म्हणाला. फेब्रुवारीत तो परतला, तेव्हा ऑर्डर आली होती आणि पाहुण्याला पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी मोठं लपण हवं होतं, चौघांचं. जेराल्डने खिशातून टेप काढली आणि माप घ्यायला होडीपाशी गेला.