सहा ते सत्तर

"ताई तर सकाळी सातलाच गेल्यात ना वर," रिक्षा सुरू करता करता नाथा म्हणाला. "तुम्ही नही आलात त्यांच्यासंगे?"

गायधनी मागच्या सीटवर बसून दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेत होते. "कोणत्या ताई?"

"आता! तुमनी बहीण. सटाण्याच्या इंदूताई. अन् अपूताई." नाथाने वळून पाहिलं. "दर म्हैन्याला येतात की. दुसरा शनवार आला म्हणजे मी रिक्षा दुसऱ्या कोणाला देतच नाय."

रिक्षा मुल्हेर गावाबाहेर पडली. समोर किल्ला उन्हात उभा होता. गायधनींनी पुढे काही विचारलं नाही. आधीच ठाऊक असल्यासारखं ऐकलं आणि मान हलवली. पायथ्याला उतरल्यावर मात्र ते काठी टेकून बराच वेळ तसेच उभे राहिले.

वेणीमाधव गायधनी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. अडतीस वर्षं नाशिकच्या ऑफिसात त्यांनी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. पण लोक त्यांना ओळखत ते रविवारच्या सहलींमुळे. किल्ल्याच्या पोटातली जुनी गावं, पडक्या वेशी, आसपासची तळी. बायकामुलांना घेऊन जाता येईल अशा सोप्या वाटा ते शोधून काढत. एकट्याने आधी दोनदा चालून बघत, घड्याळ लावून. मग स्वतःच्या हाताने नकाशा काढून त्याचं पत्रक करत. मुल्हेरच्या पत्रकावर त्यांनी लिहिलं होतं : 'माचीवरचं जुनं गाव, गणपतीचं तळं, मोती तलाव. तळ्यापर्यंत दीड तास. वय सहा ते सत्तर, सर्वांसाठी.' तीस वर्षांत त्यांच्याबरोबर किती कुटुंबं चालली असतील याची गणती नव्हती. रस्त्यात अजूनही कोणीतरी थांबवून म्हणे, "सर, आमच्या मुलीने पहिला किल्ला तुमच्याबरोबर पाहिला."

आता ते सदुसष्ट वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी रामशेज किल्ल्याच्या पायऱ्यांवर उजवा गुडघा अडला. त्यांच्याच तालमीत तयार झालेला शेखर जवळ येऊन नम्रपणे म्हणाला होता, "सर, तुम्ही इथे बसा निवांत. आम्ही येतोच."

ते पायरीवर बसले. माणसं वर गेली, बोलणं लांब लांब जात बंद झालं. आणि तेव्हा कुठे त्यांना आठवलं की हेच शब्द त्यांनी एकदा कोणालातरी म्हटले होते.

ते साल दोन हजार पाच. आतासारखाच जानेवारी होता. नाशिकहून दोन गाड्या भरून चाळीस माणसं मुल्हेरला आली होती आणि सटाण्याहून इंदिरा, त्यांची धाकटी बहीण, मुलीला घेऊन परस्पर पायथ्याला पोचली होती. अपूर्वा सातव्या महिन्यात जन्मलेली. बुद्धीने तल्लख, पण दोन्ही पाय ताठ. पायांना आधाराच्या पट्ट्यांचे कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन चालायची. त्या दिवशी तिच्या पाठीवर छोटी सॅक होती आणि हातात मामाचं पत्रक. नकाशातली दोन्ही तळी तिने निळ्या खडूने रंगवली होती.

"मामा, मी नऊ वर्षांची आहे," ती म्हणाली. "म्हणजे मी सहा ते सत्तरमध्ये बसते ना?"

ते हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इंदिराला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे तीन पावलं.

"इंदू, अगं चाळीस माणसं आहेत. हिच्यासाठी सगळ्यांना थांबवू का? तुम्ही इथे बसा निवांत. आम्ही दोन वाजेपर्यंत येतोच."

इंदिराने मान हलवली. नाथाच्या आईने, कुसाबाईने, दोघींना घरी नेलं, ओट्यावर घोंगडी टाकून दिली. सव्वादोनला गायधनी उतरले तेव्हा अपूर्वा ओट्याच्या कडेला बसली होती. सॅक अजून पाठीलाच होती.

"मामा, तळं केवढं आहे?" तिने विचारलं.

"मोठं आहे," ते म्हणाले, आणि उतरणारी माणसं मोजायला वळले. सदतीस, अडतीस.

त्यानंतर भांडण झालं नाही की अबोला झाला नाही. इंदिरा दर भाऊबीजेला येत राहिली, चकल्यांचा डबा आणत राहिली. सहलीचं तेवढं दोघींनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि त्यांनी काढलं नाही हे गायधनींच्या कधी लक्षात आलं नाही. रामशेजनंतर त्यांनी दोन भाऊबीजा ठरवलं होतं, या वेळी इंदूशी बोलायचं. ओवाळून झालं, जेवणं झाली, बोलणं राहिलं. आता पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचा होता. त्याआधी मुल्हेर एकदा बघून यावं म्हणून ते पहाटेच्या एसटीने एकटेच निघाले होते.

वाट तीच होती. पहिल्या दरवाजापाशी ते दोनदा बसले. पुढच्या चढावर सगळा भार काठीवर टाकत, मध्ये थांबत, ते माचीवर आले. जुन्या गावाची जोती गवतात दिसायला लागली. घड्याळात पाहिलं. दीड तासाचे दोन तास चाळीस मिनिटं झाली होती.

तळ्याच्या काठावर, देवळाच्या सावलीत, दोघी बसल्या होत्या. इंदिराचे केस पार पांढरे झाले होते. भाऊबीजेला घरात पाहताना ते इतके जाणवले नव्हते. अपूर्वाने कॅलिपर सैल करून पाय लांब केले होते. एकोणतीस वर्षांची, सटाण्याच्या पोस्टात नोकरीला.

आधी तिनेच पाहिलं. "आई, मामा."

इंदिरा उठली. "दादा? अरे, तू इथे कसा? आणि एकटा? वहिनींनी सोडलं कसं तुला?"

"सांगून आलोय. तिला वाटतंय, बरोबर कोणीतरी आहे." ते खाली बसायला गेले, गुडघा वाकेना. इंदिराने दंडाला धरून बसवलं. पाण्याची बाटली दिली. तळ्यात बदकासारखी दिसणारी एक लहानशी टिबुकली होती. ती बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची.

"नाथा म्हणाला, दर महिन्याला येता," गायधनी म्हणाले.

"अकरा वर्षं झाली," इंदिरा म्हणाली.

"अकरा?"

"ही अठरा वर्षांची झाली त्या दिवसापासून. पहिल्या वेळी नुसतं त्या खालच्या झाडापर्यंत. दुसऱ्या वेळी दरवाजापर्यंत. परत फिरायचं, पुढच्या महिन्यात आणखी थोडं. तेव्हा हे होते बरोबर. हे पुढे जाऊन सैल दगड बाजूला करायचे."

हे म्हणजे दीपकराव. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"सातव्या वेळी पोचलो तळ्यावर," अपूर्वा म्हणाली. "पाच तास लागले. बाबा म्हणाले, आता खाली जायला नको, इथेच राहू."

"सातव्या वेळी," गायधनी म्हणाले. "मला सांगितलं नाहीत कधी."

"सांगणार होते रे," इंदिरा म्हणाली. "त्याच आठवड्यात भाऊबीज होती. अगदी ठरवून आले होते. तू लॅपटॉपवर तुमच्या ग्रुपचे फोटो दाखवत होतास. हा किल्ला, तो किल्ला. संपतच नव्हते. मग म्हटलं, जाऊ दे."

गायधनींना ते फोटो आठवले. त्या दिवशी इंदिराने काय नेसलं होतं, ते काही आठवेना.

ते अपूर्वाकडे वळले. दोन वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. त्यांतलं एकही तोंडात येईना.

"अपू, त्या वेळी मी तुला वर आणायला हवं होतं."

अपूर्वाने तळ्यावरची नजर काढली नाही. आता ती म्हणेल, जाऊ दे मामा, किती जुनी गोष्ट, असं त्यांना वाटलं. मनातून ते त्याचीच वाट पाहत होते.

"हो," ती म्हणाली. "आणायला हवं होतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. पोस्टाच्या खिडकीतून एखाद्याला पत्ता बरोबर आहे म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं.

इंदिरा पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "तुझा राग मला आला नाही, दादा. माझा मलाच आला. वजन तरी किती होतं हिचं तेव्हा! पाठीवर घेऊन आले असते मी. पण तू नको म्हणालास आणि मी मान हलवली. चाळीस माणसांसमोर कशाला, म्हटलं." ती थांबली. "संध्याकाळी घरी गेल्यावर हिने सॅक उघडली. आत टॉवेल होता. तळ्यात पाय बुडवायचे म्हणून नेलेला."

टिबुकली पुन्हा बुडाली.

"चला," अपूर्वाने कॅलिपरचे पट्टे आवळले. "चारची बस आहे. मला उतरायला वेळ लागतो."

तिघे निघाले. अपूर्वा पुढे, मागे इंदिरा, शेवटी गायधनी. अपूर्वा कुबडी टेके, दगड हलतो का पाही, मग पाय टाके. घाई नाही आणि थांबणंही नाही. गायधनींचं मात्र उतारावर काही खरं नव्हतं. चढताना गुडघा दुखत होता, आता तो दगाच द्यायला लागला. अर्ध्या वाटेत अंतर पडलं. दोघी खालच्या वळणावर थांबलेल्या दिसल्या. ते पोचले की त्या निघत. पुढच्या वळणावर पुन्हा थांबलेल्या असत.

पहिल्या दरवाजाच्या वर उंच पायऱ्या होत्या. तिथे ते बसलेच. पावणेचार होऊन गेले होते.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "बस चुकेल तुमची. मी येतो सावकाश. नाथाला फोन करतो."

इंदिराने मुलीकडे पाहिलं. अपूर्वा दोन पायऱ्या खाली गेली होती. तिने कुबड्या भिंतीला लावल्या, हाताने आधार घेत ती पायरीवर बसली.

"पुढची पावणेसहाला आहे," ती म्हणाली.

"अगं, पण माझ्यासाठी कशाला..."

"बस मामा. दम खा."

इंदिराने डबा काढला. मेथीचे पराठे होते, गार झालेले. तिघांनी एकेक खाल्ला. खाली गावातून एसटी निघाली. कांद्याच्या शेतांमधून ती सटाण्याकडे जाताना वरून बराच वेळ दिसत राहिली. गायधनी पाणी प्यायले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

मग काठीवर जोर देऊन ते उठले. डाव्या हाताने भिंत धरली आणि चांगला पाय खालच्या पायरीवर टाकायला उचलला.

"तसं नाही," अपूर्वा खालून म्हणाली. ती वळून त्यांच्या पायांकडे पाहत होती. "चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. कोणी सांगितलं नाही का तुला?"

"नाही."

"आधी काठी खाली ठेव. हं. आता दुखरा पाय. आता दुसरा त्याच्या शेजारी. दोन्ही एका पायरीवर आले की मगच पुढची."

गायधनींनी काठी खाली टेकवली. दुखरा पाय तिच्यामागे नेला, मग दुसरा शेजारी आणला.

"आता पुढची," अपूर्वा म्हणाली, आणि आपण एक पायरी खाली सरकून तिने त्यांना जागा करून दिली.